चाखणं म्हणजे खाणं नव्हे

पाकमास्तरांच्या कारखान्यात घड्याळ होतं, थर्मामीटर होता, वजनाचा काटाही होता. पण या तिघांवर त्यांचा विश्वास बेताचाच. त्यांचा खरा विश्वास होता तो स्वतःच्या जिभेवर.

कारखाना म्हणजे तरी काय, घराच्या मागच्या अंगाला पत्र्याचं छत घातलेली एक लांबोडकी खोली. एका टोकाला भट्टीवर तांब्याची कढई, मध्ये तेलाचा हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला संगमरवरी ओटा आणि दुसऱ्या टोकाला हातानं फिरवायचं रुळांचं यंत्र. त्यातून पिवळ्या आंबटगोड गोळ्या बाहेर पडायच्या. कढईत साखरेचा पाक चांगला कडक होईतो उकळायचा, ओट्यावर ओतायचा, जरा निवला की त्यात लिंबूसत्त्व टाकून कणकेसारखा मळायचा. मग मास्तर खिळ्यावरची छोटी कात्री काढायचे, त्या ऊन गोळ्याचा एक तुकडा कापायचे, जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. सगळा कारखाना थांबायचा. सगळा कारखाना म्हणजे बायको, मुलगा आणि सून. पण थांबायचा मात्र अगदी श्वास धरून. मग मास्तर डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "झालं."

हा शब्द पडल्याशिवाय रुळांची मूठ फिरवायची नाही, हा तिथला पहिला कायदा. कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा दुसरा. तिसरा कायदा करायची कधी गरजच पडली नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मास्तरांच्या रक्तात साखर निघाली. थोडीथोडकी नव्हे, चांगली भरपूर. साखरेचं खाणार त्याला देव देणार, असं म्हणतात. मास्तरांना जरा जास्तच दिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे धरून विचारलं, "काका, दिवसभरात गोड किती खाता?"

"कणसुद्धा नाही," मास्तर म्हणाले. "मी फक्त चाखतो. चाखणं म्हणजे खाणं नव्हे."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता, आणि तीच तर सगळी अडचण होती. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांच्या बायकोकडे पाहिलं. बायकोनं तो कागद घडी करून पिशवीत टाकला. ती शब्द वाया घालवणारी बाई नव्हे.

दुसऱ्या दिवशी तिनं एक रिकामी काचेची बरणी आणून ओट्याच्या कडेला ठेवली. मास्तर कात्रीनं एक तुकडा कापायचे की ती स्वतःच्या सुरीनं तेवढाच तुकडा कापून बरणीत टाकायची. मास्तरांना वाटलं, नातेवाइकांच्या पोरांसाठी साठवत असेल. दिवसभर पाक उकळला, गोळे मळले गेले, कधी आंबट कमी म्हणून पुन्हा चाखलं, कधी नुसतं खात्री म्हणून, तर कधी नुसतं छान झालंय म्हणून. संध्याकाळी बायकोनं बरणी जेवणाच्या टेबलावर त्यांच्या पुढ्यात ठेवली. ती गळ्यापर्यंत भरली होती.

"हे तुम्ही आज खाल्लं नाहीत," ती म्हणाली.

मास्तरांनी बरणीकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे पाहिलं आणि निमूट जेवायला सुरुवात केली. पण हातच्या कांकणाला आरसा नको म्हणतात ते इतरांसाठी. मास्तरांनी आरसाही पाहिला आणि कांकणही पाहिलं, तरी चाखायचं काही थांबवलं नाही.

पुढच्या खेपेला बरणीची हकीकत ऐकून डॉक्टरीणबाई आधी हसल्या आणि मग गंभीर झाल्या. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, रोज चालायला जायचं आणि ती कात्री दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायची. पुढच्या तपासणीपर्यंत साखर उतरली नाही तर रोज सुई टोचून घ्यावी लागेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. सुई म्हटल्यावर मास्तरांचं धाबं दणाणलं. उकळता पाक अंगावर उडाला तर हूं का चूं न करणारा हा माणूस, पण नुसत्या रक्ततपासणीला बायकोचा हात घट्ट धरून बसायचा आणि भिंतीवरच्या चित्रातल्या मांजराकडे टक लावून पाहायचा.

गोळ्या त्यांनी कबूल केल्या. चालणंही कबूल केलं. कात्री मात्र नाही.

द्यायची तर कुणाला द्यायची? मुलगा गुणी होता, टेम्पो झकास चालवायचा, पण त्याला सगळंच छान लागायचं. करपलेला पाकसुद्धा तो "वेगळी चव आहे" म्हणून मिटक्या मारत खायचा. बायकोला गोडाचा तिटकारा. राहिली सून. कामाला चपळ, मापाला चोख. पण मास्तरांच्या लेखी ती कालची पोर. लग्न होऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण मास्तरांचा "काल" फार लांबलचक होता. आणि खरं सांगायचं तर कारण हे नव्हतंच. मास्तरांना भीती वाटत होती. कात्री गेली की आपण या खोलीत कोण? कढईशेजारी उभा असलेला एक म्हातारा, एवढंच. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. मनातल्या मनातही अर्धंच बोलून दाखवलं.

अशा अडचणीच्या वेळी माणूस मोठ्या बहिणीकडे जातो, तसे मास्तरही गेले. ताई दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. तिच्या गॅलरीत माणसाला पाय ठेवायला जागा नसेल एवढ्या कुंड्या, आणि त्यांतली एक वेल गजांना धरून पार वरच्या मजल्याच्या खिडकीत डोकावायची. मास्तरांचे केस पांढरे झाले तरी ताईच्या लेखी ते अजून "बाळ"च होते.

"सुई कशाला हवी, बाळ?" त्या वेलीचं एक पान खुडत ताई म्हणाली. "ही मधुनाशिनी. बाबांना शेवटपर्यंत सुई लागली नाही ती हिच्यामुळे. दोन पानं सकाळी आणि दोन दुपारी, चांगली चघळायची. डॉक्टरांच्या गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि पान खाल्लं की घटकाभर दुसरं काही खायचं नाही. कळलं?"

कळलं, असं मास्तर म्हणाले. त्यांना कळलं एवढंच, की हे पान साखर मारतं. साखर कुठली, तर अर्थात रक्तातली. रक्तात पोचायच्या आधी साखरेला वाटेत जीभ लागते, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. ताईनंही जास्त फोड करून सांगितलं नाही. आपल्या घरात हे सगळ्यांना ठाऊकच आहे असं ती धरून चालली होती. मास्तरांनी पानांची पुडी खिशात टाकली. डॉक्टरीणबाईंना सांगायचं की नाही हा प्रश्न त्यांच्या मनात आला, पण त्यांनी त्याला आत काही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठं काम होतं. डोंगरातल्या वळणावळणांच्या रस्त्यानं जाणाऱ्या एका बस कंपनीला मास्तरांच्या गोळ्या जायच्या. बसमध्ये चढताना प्रत्येक प्रवाशाला मूठभर गोळ्या दिल्या जात. आंबट काही तोंडात असलं की वळणांवर मळमळत नाही. कंपनीच्या डेपोचे साहेब म्हणायचे, मास्तर, तुमच्या गोळीमुळं आमच्या बसगाड्या धुवायचं पाणी वाचतं. हे कौतुक फारसं भूक वाढवणारं नव्हतं, पण मास्तर ते पाहुण्यांना आवर्जून सांगायचे.

सकाळी ते कारखान्यात शिरले ते तोंडात दोन पानं चघळतच. पानं कडवट होती. कडू लागतंय म्हणजे औषध लागू पडणार, असं समजून त्यांनी ती अगदी चोथा होईतो चावली. तोवर सुनेनं पाक ओट्यावर घेतला होता, मापानं लिंबूसत्त्व टाकलं होतं, गोळा मळून तयार ठेवला होता. ताईची अट मास्तरांच्या पूर्ण लक्षात होती: घटकाभर काही खायचं नाही. ते खाणार नव्हतेच. त्यांनी कात्री काढली, तुकडा कापला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

आणि लगेच उघडले. तोंड वेडंवाकडं झालं. नुसतं आंबट! कच्चं लिंबू चावल्यावर दात शिवशिवतात तसे शिवशिवले. गोडीचा मागमूस नाही.

"सत्त्व दुप्पट पडलंय," ते म्हणाले.

सुनेनं सांगितलं की नेहमीच्याच मापानं टाकलंय. मास्तरांनी आणखी एक तुकडा चाखला, आणखी एकदा दात शिवशिवले. ती म्हणाली, "बाबा, मला नेहमीसारखंच वाटतंय." तिला कसं काय वाटतंय, तिनं चाखलं कधी, हा प्रश्न मास्तरांना पडायला हवा होता. पण त्या वेळी ते इतके तापले होते की त्यांना प्रश्न पडायची सोय नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला असं त्यांनी सुनेला सुनावलं, चव काय अशी ऐकीव असते का म्हणाले आणि हा गोळा कोपऱ्यात फेकून द्या, दुसरा पाक लावा असा हुकूम सोडला. स्वतः भट्टी पेटवून कढईपाशी पाठ फिरवून उभे राहिले. भट्टीचा आवाज एवढा मोठा की मागे काय चाललंय ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. ते पाकात डोकं घालून उभे राहिले आणि अधूनमधून स्वतःशीच पुटपुटत राहिले.

दुसऱ्या गोळ्यात त्यांनी लिंबूसत्त्व स्वतःच्या हातानं टाकलं, चिमटीनं, अगदी नावाला. चाखलं. आंबट आता बेताचं होतं. गोडी अजूनही कुठे दिसत नव्हती, पण डेपोत माल पोचवायची वेळ झाली होती, मुलगा टेम्पोच्या किल्ल्या वाजवत दारात उभा होता. पाक ऊन असताना गोडी दबते, निवला की उघडते, असा एक शास्त्रीय नियम मास्तरांनी उभ्या उभ्या तयार केला आणि म्हटलं, "झालं."

सून काहीतरी बोलणार होती. सासूनं तिच्याकडे पाहून हळूच मान हलवली. रूळ फिरले, गोळ्या निवल्या, डबे भरले आणि टेम्पो गेला.

दुपारी मास्तरांनी ठरल्याप्रमाणे आणखी दोन पानं चघळली आणि चहाला बसले. बायको हल्ली बिनसाखरेचा चहा द्यायची. ती आत वळली की मास्तर चोरून कपात साखर टाकायचे. चहात साखर टाकणं हे त्यांच्या हिशोबानं खाणंही नव्हतं आणि चाखणंही नव्हतं, ते नुसतं ढवळणं होतं. त्या दिवशी त्यांनी एक चमचा टाकला, घोट घेतला. काही नाही. आणखी एक टाकला. चहा तसाच कडू. तिसरा टाकून त्यांनी कप खाली ठेवला, उठून कारखान्यात गेले आणि साखरेच्या पोत्यात हात घालून चिमूटभर साखर तोंडात टाकली.

वाळू! नदीकाठची स्वच्छ, पांढरी, निखळ वाळू.

मास्तरांच्या डोक्यात लखकन उजेड पडला. सत्त्व जास्त पडलंच नव्हतं. साखरच खोटी होती! त्यांनी साखरेच्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि आयुष्यात कुणाला बोलले नव्हते तेवढं त्याला बोलले. व्यापारी बिचारा इतक्या वर्षांच्या ओळखीचा. तो शेजारच्याच रस्त्यावरून होता तसा, डोळ्यांवरचा वाचायचा चष्मासुद्धा न काढता धावत आला. पोत्यातली मूठभर साखर त्यानं तोंडात कोंबली, चावली, गिळली आणि मास्तरांकडे बघत राहिला.

"मास्तर, गोड आहे," तो हळूच म्हणाला.

मास्तरांनी बायकोला चाखायला लावलं. गोड. सुनेला लावलं. गोड. डबे पोचवून नुकत्याच परतलेल्या मुलालाही लावलं. त्यानं एक मूठ खाऊन छान आहे म्हटलं आणि दुसरी मूठ घेतली. मास्तरांनी पुन्हा स्वतः चिमूटभर तोंडात टाकली. वाळू.

ते पोत्याच्या कडेवर बसले. तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते अक्षरशः पळालं. साखर खोटी नाही, सत्त्व जास्त नाही. जीभ मेली. रक्तातली साखर म्हणे डोळ्यांवर जाते, पायांवर जाते. यांच्या ती नेमकी जिभेवर गेली होती. कात्री कुणाला द्यायची यावरून एवढे दिवस झगडा चालला होता, आणि इकडे देण्यासारखं काही उरलंच नव्हतं. व्यापारी जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेला. त्या हातानं मास्तरांना जास्तच भरून आलं.

बायकोला काही न सांगता ते उठले आणि ताईकडे गेले. तिसऱ्या मजल्याचे जिने चढून धापा टाकत गॅलरीत पोचले तेव्हा ताई वेलीला पाणी घालत होती. धाकट्या भावाच्या डोळ्यांत पाणी बघून तिनं झारी खाली ठेवली.

"ताई, माझी जीभ गेली," मास्तर म्हणाले. "साखर वाळूसारखी लागते."

ताईनं क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग विचारलं, "कधी पान खाल्लंस?"

"मघाशी. तू सांगितलंस तसं."

"आणि वरून साखर खाल्लीस?" ताईचा आवाज चढला. "घटकाभर काही खायचं नाही, असं सांगितलं होतं की नाही?"

"मी खाल्लं नाही," मास्तर म्हणाले. "चाखलं."

ताई कुंड्यांमधल्या स्टुलावर मटकन बसली आणि अशी हसली, अशी हसली की वरच्या मजल्यावरची बाई खिडकीतून वाकून बघायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि सांगितलं. या पानाचा गुणच तो. चघळलं की घटकाभर जिभेला गोड कळत नाही. आंबट कळतं, खारट कळतं, कडू कळतं, गोड तेवढं जातं. बाबांना साखर झाली तेव्हा आई त्यांना जेवणानंतर हे पान द्यायची, मग गोड समोर ठेवलं तरी बाबा हात लावत नसत. "तुझ्या डोळ्यांसमोर व्हायचं हे सगळं," ताई म्हणाली. "तू तेव्हा बाबांच्या वाटणीचं गोड खाण्यात गुंग असायचास."

मास्तरांना ते आठवलं. बाबांनी पुढ्यातली वाटी त्यांच्याकडे सरकवलेली आणि आईनं मुकाट दुसरीकडे पाहिलेलं. बाबांचं आपल्यावर प्रेम आहे म्हणून ते वाटी देतात, असं त्यांना त्या वयात वाटायचं. प्रेम होतंच, पण पानही होतं. या विचारानं ते रडता रडता हसले.

ताईनं त्यांना बसवून ठेवलं, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, वरच्या बाईला सगळी हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मग आतून साखरेचा एक दाणा आणून त्यांच्या जिभेवर ठेवला. आधी काही नाही. मग जरा वेळानं, रुसून गेलेलं माणूस परत येताना दारात घुटमळतं तशी, गोडी हळूहळू आत आली. मास्तर ताईच्या पाया पडणार होते, पण कुंड्यांमुळं वाकायला जागा नव्हती.

आणि त्याच क्षणी त्यांना सकाळचे डबे आठवले. चिमटीनं, अगदी नावाला टाकलेलं लिंबूसत्त्व. म्हणजे नुसती गोड गोळी. डोंगरातली वळणं.

ते घरी पोचले तेव्हा डेपोचे साहेब दारात उभेच होते. ते सभ्य गृहस्थ, आवाज न चढवता बोलत होते, त्यामुळं तर ऐकवत नव्हतं. दुपारच्या बसमधली अर्धी माणसं खिडक्यांना लागली होती. गोड गोळी खाऊन बरं वाटायच्या ऐवजी जास्तच ढवळलं होतं. ड्रायव्हरनंही दोन खाल्ल्या होत्या आणि त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली होती. पोरं तेवढी खूश होती, ती आणखी मागत होती. पुढची बस तासाभरात सुटणार होती आणि तिच्यात द्यायला गोळ्या नव्हत्या. मास्तरांकडून होत नसेल तर त्यांना दुसरीकडं बघावं लागेल.

मास्तरांनी कढईकडे पाहिलं. भट्टी थंड होती. पाक उकळणं, मळणं, रुळांतून काढणं, निववणं, तासाभरात काही व्हायचं नव्हतं. तरी ते काडेपेटी शोधायला लागले.

तेवढ्यात सून आतून आली. तिच्या हातांत डबे होते आणि मागून सासूच्याही हातांत डबे होते. ते तिनं साहेबांसमोर न ठेवता मास्तरांसमोर ठेवले.

"सकाळचा पहिला गोळा, बाबा. फेकवला नाही मला."

मास्तरांनी एक गोळी उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. सवयीनं सगळे थांबले. साहेबही थांबले, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं तरी. आधी आंबट आलं, जिभेच्या कडा आवळून धरणारं, आणि त्याच्या पाठोपाठ गोड, बरोब्बर तेवढंच. जिच्यासाठी मास्तर आयुष्यभर डोळे मिटत आले होते, तीच ही गोळी होती.

"झालं," ते म्हणाले. मग डोळे उघडून सुनेला विचारलं, "पण हिला रुळात कुणी घातलं? मी 'झालं' म्हटलंच नव्हतं."

"मूठ मी फिरवली," बायको म्हणाली. "तुम्ही भट्टीकडं तोंड करून पुटपुटत होता तेव्हा."

"आणि 'झालं' कोण म्हणालं?"

"मी," सून म्हणाली. "मनातल्या मनात."

मुलानं डबे उचलून टेम्पोत टाकले आणि साहेबांना घेऊन गेला. मास्तर ओट्याला टेकून उभे राहिले. कधी शिकलीस, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, रोज शेवटच्या ताटातली एक फुटकी गोळी ती खायची. तुम्ही ज्याला झालं म्हणता ते कसं लागतं, ते लक्षात ठेवायची. ज्या दिवशी तुम्ही पुन्हा मळायला लावता त्या दिवशी आधीचा तुकडा चाखून बघायची, काय कमी होतं ते कळेपर्यंत. लग्न होऊन आल्यापासून. कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

मास्तरांना लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. एवढे दिवस त्यांना वाटत होतं, जीभ आपल्यापाशीच संपणार. ती तर केव्हाच दुसऱ्या तोंडात जाऊन बसली होती, आणि आपल्याच घरात, आपल्याच शेजारी मळत होती. त्यांनी खिळ्यावरची कात्री काढली आणि सुनेच्या हातात दिली. काही भाषण केलं नाही. बायकोनं मात्र लगेच एक काळजी बोलून दाखवली, की आता हिलाही साखर व्हायची. सून आत जाऊन एक पितळी वाडगं घेऊन आली आणि ओट्याखाली ठेवलं. चाखायचं, थुंकायचं आणि चूळ भरायची, असं तिचं आधीपासून ठरलं होतं. पाक थुंकायचा ही कल्पना मास्तरांना फार जड गेली. पण चाखणं म्हणजे खाणं नव्हे, हे त्यांचंच वाक्य होतं. या घरात पहिल्यांदा कुणीतरी ते खरं करून दाखवत होतं.

पुढच्या तपासणीला साखर बरीच उतरली होती. मास्तरांनी अपराध्यासारखं खिशातली पानांची पुडी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी पान हातात घेऊन पाहिलं. पानाला त्यांची हरकत नव्हती, पण न सांगता घेतल्याबद्दल त्या चांगल्याच रागावल्या. गोळी आणि पान मिळून साखर फारच खाली गेली असती तर चक्कर येऊन कढईत पडला असतात, म्हणाल्या. किती खायचं, कधी खायचं हे त्यांनी ठरवून दिलं, आणि गोळी चुकवायची नाही अशी तंबी दिली. सुईचं नाव सध्या काढायला नको, असंही म्हणाल्या. मग त्यांनी मास्तरांच्या बायकोला विचारलं, नेमका गुण कशाचा आला, गोळीचा की पानाचा?

"कात्रीचा," बायको म्हणाली.

त्यानंतर मास्तर रोज सकाळी कारखान्यात शिरताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं एक पान चघळत आत येतात. मोह नको म्हणून, असं ते सगळ्यांना सांगतात. खरं म्हणजे आणखी एक कारण आहे. तोंडात पान असलं की त्यांना सुनेच्या मध्ये पडताच येत नाही. पाक मात्र अजून तेच बघतात. तिथं त्यांच्यासारखा दुसरा कुणी नाही, आणि हे सूनही कबूल करते.

परवा पहिला गोळा मळून झाला. सुनेनं कात्रीनं तुकडा कापला, चाखला, वाडग्यात थुंकला आणि म्हणाली, "बाबा, सत्त्व चिमूटभर अजून." मास्तरांनी चिमूटभर सत्त्व टाकलं आणि मुकाट्यानं पुन्हा मळलं. तिनं पुन्हा तुकडा कापला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. सगळा कारखाना थांबला. या वेळी मास्तरही थांबले, रुळांची मूठ हातात धरून, श्वास रोखून. हे थांबणं एवढं लांब असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"इतकी वर्षं आम्ही असेच उभे राहायचो," ती हळूच म्हणाली.

सुनेनं डोळे उघडले. या वेळी मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्यानं म्हणाली, "झालं."

आणि पाकमास्तरांनी मूठ फिरवली.